ताईच्या मेंदूला सूज आली तेव्हा

परळच्या एका प्रयोगशाळेत मी मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी वाढवते. या पेशी म्हणजे मेंदूच्या राखणदार. एरवी त्या आपले बारीक फाटे पसरून आजूबाजूला चाचपत असतात. दाह सुरू झाला की फाटे आखडतात, पेशी फुगीर होते, लढायला उभी राहते. थोडे दिवस ते चांगलंच. पण दाह लांबला, तर तिनेच सोडलेल्या रसायनांनी शेजारच्या धडधाकट चेतापेशी मरू लागतात. हे मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि संध्याकाळी भोईवाड्यात घरी येऊन निवांत जेवायचे.

मग माझी मोठी बहीण आजारी पडली. ताई दादरला शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. आधी तिची झोप उडाली. एकदा तिने चहात मीठ घातलं, आम्ही हसलो. पुढच्या आठवड्यात ती आईलाच म्हणाली, "तुम्ही कोणाकडे आलात?"

आई पदराचं टोक धरून तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "तिका काय झालां गो?"

तिने ताईची दृष्ट काढली. मी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला फिट आली आणि आम्ही तिला टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेलं.

पाठीतलं पाणी काढून तपासलं. डॉक्टर म्हणाल्या, "जंतुसंसर्ग दिसत नाही. तिच्याच प्रतिकारशक्तीने मेंदूवर हल्ला केलाय. स्टिरॉइड सुरू करू."

मी आईला समजावलं, "घराच्या राखणदारांनी घरातल्यांनाच मारायला घेतलंय."

"मगे तेंका गप कर."

"तेच करतायत, आई."

औषध लागू पडलं, पण हळूहळू. एका दुपारी मी पेज भरवत होते, तर ताईने माझ्या हातातला चमचा काढून घेतला. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आई बाहेर जाऊन रडून आली.

घरी आल्यावर कळलं की ताईला रस्तेच आठवत नाहीत. कोपऱ्यावरून दूध आणायला गेली आणि उलट्या दिशेला चालत राहिली. त्या रात्री तिने मला विचारलं, "मेलेल्या पेशी परत येतात का गं? खरं सांग."

"नाही येत. पण सगळ्या मेल्या नसतील. काही नुसत्या दमल्या असतील. आणि उरलेल्या नवीन जोडण्या करतात."

ती उठून बसली. "चल मग. शनिवारपासून दादरपर्यंत चालूया."

आम्ही चालायला लागलो. पुढे ती, मागे मी. चुकली तरी मी बोलायचं नाही, असं तिनेच ठरवलं होतं. हिंदमाताच्या पुलाखाली ती हमखास गोंधळायची, चिडायची. कधी फुटपाथवरच बसून घ्यायची. मग एखाद्या दुकानाची पाटी लक्षात ठेवून पुन्हा उठायची.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा तिला वर्ग मिळाला नाही, ग्रंथालय मिळालं. ते तिच्या मनाला लागलं, पण ती गेली, एकटी. मी प्रयोगशाळेत होते. फोन वाजला.

"पोचले गं. मध्ये एका फुलवालीला रस्ता विचारला."

"मग?"

"मग काय? तिने सांगितला. ठेवते, मुलं आलीत."