मास्तरांचं आम्ल

"गुरुवार, १४ नोव्हेंबर. थंडी वाढली. मास्तर सकाळी दवाखान्यात गेले ते तसेच परत आले. अंगात ताकद नाही म्हणून केमोचा डोस पुढे ढकलला. अजून घसरण झाली तर डॉक्टर औषध बंदच करणार."

एवढं लिहून तिने पेनाला टोपण लावलं आणि जिना उतरली. नवरा गेल्यापासून इमारतीत तिच्याशी बोलणारा एकच माणूस उरला होता, तळमजल्यावरचा शिंपी, मास्तर. त्यालाही पोटाचा कर्करोग निघाल्यापासून विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

मास्तर मशीनमागच्या खाटेवर बसून स्वतःच्याच शर्टाची बाजू आत घेत होते. तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शर्ट कायम अंगाबरोबर बसायचा, म्हणून माणूस खंगतोय हे तिला दिसलंच नव्हतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"लटकता शर्ट घालून गिऱ्हाइकाचं माप घेऊ? पळून जाईल तो."

"आणि दवाखान्यातून दिलेली प्रथिनांची पावडर?"

फळीवरच्या डब्याचं झाकणही उघडलेलं नव्हतं.

"त्यावर अमिनो आम्लं लिहिलंय, बाई. आधीच पित्ताने छातीत भट्टी पेटलेली. वर आणखी आम्ल ओतू?"

मागच्या खेपेला दवाखान्यात आहारतज्ज्ञ पावडरचं समजावत होत्या तेव्हा मास्तर आत सुई टोचून घेत होते. ऐकलं होतं ते तिने एकटीने.

"अहो, हे जळजळीचं आम्ल नव्हे. अंडं, दूध, डाळ पोटात गेली की त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे होतात, त्यांचं हे नाव. त्यातून स्नायू बनतात. आजार तुमच्या दंडाचं मांस उसवतोय आणि तुम्ही धागाच देत नाही."

"भरेल पुन्हा?"

थाप मारणं तिला जमलं नाही. "सगळं नाही. या दुखण्यात शरीर अन्नाचंही धड ऐकत नाही. पण दर जेवणाला थोडं थोडं घेतलंत, खोलीतल्या खोलीत चाललात, तर झीज हळू होईल."

 मास्तर सुई टाचण्यांच्या उशीत खोचून म्हणाले, "आत घेतो, पण कापड कापत नाही मी. शिवणीत दाबून ठेवलंय."

"का?"

"शिंप्याची खोड. कधी उसवून सैल करावं लागलं तर?"

तिने डबा उघडला, चमचाभर पावडर दुधात ढवळली. मास्तरांनी नाक दाबून अर्धा पेला संपवला आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

संध्याकाळी तिने वहीत लिहिलं: "तीन अंडी उकडली. मास्तरांनी एक खाल्लं. दोन उरली, उद्याला ठेवली."