हवेच्या मॅडम

आमच्या हवेच्या मॅडम कुणाच्याही घरी गेल्या, की बसायच्या आधी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवायच्या. चिमटीत धूळ चोळून, वास घेऊन म्हणायच्या, "ही रस्त्याची," नाहीतर "ही धुराची." घरची बाई ओशाळून जायची. तिला वाटायचं, पाहुणी आपली स्वच्छता तपासतेय. नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत त्यांना चहाला फारसं कुणी बोलवत नसे, आणि त्याचं कारण त्यांना कधीच कळलं नाही.

मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते. काम म्हटलं तर साधं होतं. गच्चीवर यंत्र ठेवायचं, ते हवा ओढून घेतं, आतल्या पांढऱ्या गोल कागदावर हवेतला कचरा बसतो. मग त्या कागदात कोणकोणते धातू आणि कोणती रसायनं आहेत, ते प्रयोगशाळेत शोधायचं. मॅडम म्हणायच्या, "धुराला तोंड असतं गं. कुठून आला ते सांगतो तो. आपण नीट विचारायला हवं."

त्यांचे वडील त्या लहान असतानाच गेले. थोरल्या भावाने शाळा सोडली आणि गावाबाहेरच्या वीटभट्टीवर मातीच्या पाट्या उचलायला लागला. पुढे त्याने स्वतःची भट्टी टाकली. मॅडमचं कॉलेज, पुण्यातलं वसतिगृह, परदेशातली दोन वर्षं, सगळ्याच्या मागे तो उभा होता. प्रबंधाच्या पहिल्या पानावर त्यांनी 'दादाला' एवढा एकच शब्द छापला होता.

एका हिवाळ्यात आम्ही मॅडमच्याच गावातल्या प्राथमिक शाळेच्या गच्चीवर यंत्र बसवलं. मुलं फार खोकतात, म्हणून मुख्याध्यापकांनीच बोलावलं होतं. कागद रोज काळा निघायचा. तपासला तेव्हा त्यात जस्त सापडलं, नुसत्या कोळशाच्या धुरात सापडावं त्याहून कितीतरी जास्त. मॅडमनी पुन्हा तपासायला लावलं, मग वाऱ्याची दिशा जुळवायला लावली. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "हे रबरातलं जस्त. टायर जाळतायत." शाळेकडे वारा ज्या बाजूने यायचा, तिथे एकच भट्टी होती. दादाची.

त्या संध्याकाळी त्या मला घेऊनच भट्टीवर गेल्या. दादा खाटेवर बसला होता. बहिणीला पाहून त्याने आधी चहा सांगितला.

"दादा, टायर जाळतोस?"

"सगळेच जाळतात बेबी. कोळसा परवडतो का?"

"शाळेतली पोरं ते छातीत घेतायत. या हंगामापुरतं तरी थांबव. नाहीतर मला सरकारला लिहून द्यावं लागेल."

दादाने भट्टीकडे बोट केलं. "तू शिकलीस ती कशावर? ह्याच भट्टीवर ना?"

"हो."

"मग दे लिहून," तो म्हणाला आणि उठून विटांच्या थप्पीमागे गेला. चहा आला तेव्हा तो घ्यायला आम्ही दोघीच होतो.

मॅडमनी महिनाभर वाट पाहिली. कागद काळाच येत राहिला. मग त्यांनी अहवाल दिला, भावाच्या भट्टीचा उल्लेख न टाळता. सरकारी पाहणी झाली आणि भट्टी बंद झाली. आम्ही यंत्र उतरवायला गेलो, तेव्हा पेठच्या डोंगरातून दरसाल भट्टीवर मजुरीला येणारी कुटुंबं सामान बांधून रस्त्याकडेला बसलेली होती. एका बाईने मॅडमना ओळखलं. "बाई, हंगाम अर्धा राहिला. आता आम्ही कुठं जावं?"

पुढे एका परिषदेत कुणीतरी त्यांच्या धाडसाचं कौतुक केलं. मॅडम माइकसमोर गेल्या आणि म्हणाल्या, "हे संशोधन माझ्या भावाच्या कष्टावर झालं आणि त्याच्याच पोटावर उठलं. लिहायचं तर दोन्ही लिहा." टाळ्या वाजवाव्यात की नाही, सभागृहाला कळेना.

दर बुद्धपौर्णिमेला त्या दादाकडे जायच्या. वहिनी खीर द्यायची, दोन शब्द बोलायची. दादा मात्र मागच्या दाराने निघून जायचा. अशी बरीच वर्षं गेली. यंदा मॅडमचे गुडघे दुखत होते, म्हणून मी सोबत गेले.

दादा अंगणात खुर्चीवर बसला होता. फार वाळला होता. आम्हाला पाहून तो उठला नाही. उठायचं नव्हतं की तेवढा दम नव्हता, मला कळलं नाही. मॅडम त्याच्याजवळ गेल्या. तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही. खोकला थांबल्यावर त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, "यंत्र नाही आणलंस?"

"नाही रे."

वहिनीने खीर आणून दिली. खीर संपेपर्यंत मॅडमचा हात त्याच्या पाठीवरच होता.

परतताना रिक्षात त्या बाहेर बघत होत्या. "पंधराव्या वर्षापासून भट्टीच्या तोंडाशी उभा राहिला तो," त्या म्हणाल्या. "मी शाळेच्या गच्चीवर चढले. पण त्याच्या छातीला कधी कान लावला नाही गं."