दुखणं हाताचं, चीर मानेला

दादांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, उजवा हात लुळा पडला तो जेवताना. घास ताटात पडला, तोंडातून शब्द निघेना. माय रडायला लागली, मी शेजाऱ्यांना हाका मारल्या, आणि शेजारी येईपर्यंत सगळं ठीकही झालं. दादा म्हणाले, "वरडू नका, कालवण वाढा." आता याला काय म्हणावं?

लातूर जिल्हा नवाच झाला होता. दादा कलेक्टर कचेरीत कारकून. मी त्यांना ओढतच डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं हात पाहिला न पाहिला आणि कानातली नळी लावली मानेला! म्हटलं, ह्याचं डोकं ठिकाणावर आहे का? तो म्हणाला, मेंदूकडं रक्त नेणारी मानेतली रक्तवाहिनी आतून चोंदलीय. त्यातला तुकडा सुटून वर गेला तर कायमचा लकवा. हैदराबादला नेऊन ती साफ करून घ्या. आणि वर हेही सांगितलं, की ऑपरेशन करतानाच लकवा मारू शकतो. म्हणजे लकवा टाळायला लकव्याचाच धोका! मला कळेचना, याचं ऐकावं का उठून घरी जावं.

घरी तर जत्राच. पाण्याचा टँकर आमच्या दारापुढंच थांबायचा, त्यामुळं रांगेतलं जो तो हंडा खाली ठेवून दादांना बघून जाई. आला की म्हणे, "जयभीम घाला बरं." दादा दोन्ही हात जोडून जयभीम घालत. "हात तर लई झ्याक उठायलाय की! कशाचा लकवा?" आठवडाभर दादा रोज ही परीक्षा पास होत राहिले. शेवटी मायनं निकाल लावला, "हिंडता-फिरता माणूस कापायला द्यायलीस? बापाच्या जिवावर उठलीस का गं?" मीही डळमळले. खरंच, धडधाकट माणसाची मान कशाला चिरायची?

एका दुपारी दादांनी मला जवळ बोलावलं. "मायला सांगू नको. परवा पुन्हा झालतं. त्याच्या आदी दोनदा. लोक येतेत तवा हात चांगला असतोय, त्याला मी काय करू?" असा संताप आला म्हणून सांगू! चोरून ठेवायची गोष्ट होती का ही? दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं उदगीर गाठलं आणि तिथून हैदराबादची रेल्वे धरली. माय सोबत आली, पण वाटभर माझ्याकडं पाठ करून बसली.

तिथं संमतीचा कागद माझ्यापुढं आला. मी पेन उघडला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. मी चूक करत असले तर? दादांनी पेन काढून घेतला. "आण हिकडं. उद्या काही झालं तर लोक तुला जगू द्यायचे न्हाईत." त्यांनी सावकाश पूर्ण नाव लिहून सही केली आणि पेन मला परत दिला. "आता खाली साक्षीदार म्हणून तू कर." मला रडू आवरलं नाही.

ऑपरेशन झालं. संध्याकाळी आम्हाला आत सोडलं. दादांच्या मानेला भली मोठी पट्टी. माय कॉटजवळ गेली. दादांनी डोळे उघडले, उजव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि स्वच्छ विचारलं, "जेवलीस का?"

माय त्या हाताकडं बघतच राहिली. मग गर्रकन वळली आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "मेले, आठ दिस काय करायलतीस? आदीच का न्हाई आणलंस माज्या माणसाला?"