रूथच्या भिंतीतली टकटक

भुताखेतांच्या गोष्टी मी चहाबरोबर ऐकते आणि चहा संपला की विसरते. आयुष्यभर भूल देणारी डॉक्टर म्हणून काम केलं. माणसं माझ्या हाताखाली झोपली, माझ्याच हाताखाली उठली, मध्ये आत्मा वगैरे कधी दिसला नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण लिहिते.

आम्ही लंडनमध्ये एजवेअरला सेमी-डिटॅच्ड घरात राहतो. मधली भिंत एकच, पलीकडे रूथ. नव्वदीला टेकलेली, ज्यू, एकटी. लहानपणी युद्धात ती बेल्जियममधल्या एका शेतघरात लपून होती. ती माळ्यावरच्या खोट्या भिंतीमागे, थोरला भाऊ याकोब शेजारच्या कप्प्यात. जर्मन शिपाई झडतीला आले की श्वाससुद्धा जपून घ्यायचा. ते गेले की याकोब मधल्या फळीवर टकटक करायचा — दोन पटापट, मग जरा थांबून एक. म्हणजे ते गेले, आता बोल.

एका झडतीत याकोब सापडला. त्या दिवशी टकटक झालीच नाही. शेतकऱ्याच्या बायकोने रूथला ओढून बाहेर काढलं, पण तिचा आवाज तेव्हा जो खाली गेला तो गेलाच. ती इतकं हळू बोलायची की आमचे हे काही न कळता "येस, येस" म्हणायचे. एकदा त्यापायी तिची मांजर आठवडाभर आमच्या गळ्यात पडली होती.

याकोबचं पुढे काय झालं ते कधीच कळलं नाही. तिच्या घरात बाळाला नाव ठेवतात ते गेलेल्या माणसाचं, जिवंत माणसाचं नाही. म्हणून रूथने मुलाला, नातवंडांना, कुणालाच याकोब हे नाव ठेवू दिलं नाही. ठेवलं असतं तर तो गेला हे कबूल करावं लागलं असतं. आता तिच्या नातीचे, लीयाचे, दिवस भरत आले होते आणि याच नावावरून दोघींची कुरबुर चालली होती.

मार्चमधला शनिवार. शनिवारी रूथचा शब्बाथ — फोन नाही, टीव्ही नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबायचं नाही. त्यामुळे शनिवारी पलीकडून आवाज नसला तर आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही. मी पोळ्या करत होते, आणि हॉलच्या भिंतीतून टकटक आली.

"आज शनिवारी रूथने हातोडी कशी काय घेतली?" हे म्हणाले.

मी गॅस बंद करून भिंतीला कान लावला. पुन्हा आली. दोन, थांबून एक. ही तर याकोबची खूण... आणि लगेच पलीकडून बाईचं ओरडणं, अगदी खणखणीत. भाषा कळेना, पण नाव कळलं. रूथ स्वतःचंच नाव ओरडत होती.

तिची एक किल्ली आमच्याकडे असते. ती घेऊन आम्ही धावलो. रूथ मागच्या किचनमध्ये फरशीवर पडली होती, खुबा मोडलेला, सकाळपासून तशीच. जिवावर बेतलं तर शब्बाथ मोडायचा हा त्यांचाच नियम आहे. पण मदत बोलवायचं, गळ्यात घालायचं अलार्मचं बटण बाथरूमच्या हुकावर लटकत होतं, इथल्या समस्त म्हाताऱ्यांचं लटकतं तसंच. आणि हाक मारणं तर तिच्या अंगातच नव्हतं.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेले तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. बोलणं इंग्रजीत झालं, मी आपलं मराठीत सांगते.

"तू ऐकलंस?"

"ऐकलं. दोन, मग एक."

ती डोळे पुसत हसली. "म्हणजे मला भास नाही झाला," ती म्हणाली. "याकोबने शेवटी सांगितलं मला. ते गेले, आता बोल."

हे पडले इंजिनिअर, त्यांनी सगळे पाईप तपासले. हीटिंग बंद होतं. रूथ पडली ते किचन घराच्या दुसऱ्या टोकाला, आणि टकटक आली तिथे रूथच्या बाजूला पुस्तकांनी गच्च भरलेलं कपाट आहे. त्यांनी हात टेकले, मी तर आधीच टेकले होते.

काही आठवड्यांनी लीयाला मुलगा झाला. आठव्या दिवशी नाव ठेवायला आम्हालाही बोलावलं होतं. नाव काय ठेवायचं ते रूथनेच सांगितलं होतं. रब्बींनी, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंनी, ते जाहीर केलं, पण तिला तेवढं पुरेना. वॉकर धरून ती उभी राहिली आणि "याकोब!" अशी हाक मारली की बाळ दचकून भोकाडच पसरलं. मला रडू आवरेना, आणि इतका आनंद मला फार दिवसांत झाला नव्हता. लीया बाळाला उगी करायला लागली, तर रूथने तिचा हात धरला.

"रडू दे त्याला," ती म्हणाली. "हवं तेवढं मोठ्याने."

टकटक कुणी केली, मला आजही सांगता येत नाही. याकोबचं रडणं मात्र अख्ख्या रस्त्याला ऐकू गेलं, आणि कुणीही त्याला गप्प केलं नाही.