चिकपेटपर्यंतची बॅटरी

१९९६, जानेवारीतला एक रविवार. येलहंका, अण्णांच्या घराचं अंगण. हजर: अण्णा, म्हणजे माझे थोरले भाऊ, वहिनी, शेजारचे निवृत्त इंजिनिअरसाहेब, आणि मी. मधोमध वडिलांच्या वेळची गाडी, बॉनेट उघडं, इंजिन काढलेलं. त्या जागी गोदामात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टची जुनी मोटर.

आदल्या वर्षीच्या अपघातात अण्णांचा डावा पाय निकामी झाला होता. उजवा ठीक होता, पण क्लच डाव्यानेच दाबायचा असतो. तेव्हापासून जावई त्यांना चिकपेटच्या आमच्या साड्यांच्या दुकानात सोडायचा आणि त्याला जमेल तेव्हा परत आणायचा. इतकी वर्षं शटर स्वतःच्या हाताने उघडणारा माणूस आता निम्मी गिऱ्हाइकं होऊन गेल्यावर दुकानात पोचायचा.

"मी माणूस म्हणून जात नाही," ते म्हणायचे, "पार्सल म्हणून जातो."

विजेच्या गाडीला क्लच लागत नाही, गिअर दुसऱ्यात टाकून ठेवला की झालं, असं इंजिनिअरसाहेबांनी एकदा सहज सांगितलं. त्यानंतर अण्णांनी घरात दुसरा विषय काढला नाही. आरटीओचे कागद इंजिनिअरसाहेबांनी सांभाळले. राहिली बॅटरी. पर्याय तीन होते. तुलना मी करायची असं ठरलं, कारण बाकीच्यांनी आधीच आपापली बाजू घेतली होती.

वहिनींना ट्रकच्या बॅटऱ्या हव्या होत्या. कुठल्याही गॅरेजात मिळतात, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पण ट्रकला बॅटरी लागते ती इंजिन सुरू करताना क्षणभर जोर लावायला. तिच्या प्लेटा पातळ असतात. रोज तळापर्यंत वापरली तर त्या गळतात आणि थोड्याच महिन्यांत खाली नुसता गाळ उरतो. दुसरा पर्याय फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्यांचा. त्यांतही शिसं आणि अ‍ॅसिडच असतं, फक्त प्लेटा जाड. रोज रिकामं व्हायचं आणि रोज भरून घ्यायचं, यासाठीच त्या बनवलेल्या. एकच रसायन, आणि प्लेटच्या जाडीने एवढा फरक पडतो, याचं मला फार नवल वाटलं. त्यांचा दोष वजन. एक बॅटरी उचलायला दोघं लागायचे, आणि अशा आठ हव्या होत्या.

तिसरा पर्याय इंजिनिअरसाहेबांचा लाडका: निकेल-कॅडमियम. भंगाराच्या लिलावातून त्यांनी चाळीस डबे आणले होते. एकेक डबा जेमतेम सव्वा व्होल्टचा, म्हणून इतके. आकाराने लहान, वजनाला हलके, आणि आत अ‍ॅसिड नाही, त्याच्या उलट गुणाचं कॉस्टिक पोटॅश.

मी हायड्रोमीटर, म्हणजे आत तरंगता काटा असलेली काचेची नळी घेऊन शिशाच्या बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी, आतल्या अ‍ॅसिडचा दाटपणा, बघत होते. बॅटरी भरलेली असली की आतला काटा वर तरंगतो, रिकामी असली की बुडतो. सरळ हिशेब. तो संपवून मी निकेलच्या डब्याचं झाकण काढलं, तेवढ्यात इंजिनिअरसाहेब ओरडले.

"अक्का, बेडा! नको! त्या नळीत अ‍ॅसिड आहे! एक थेंब पडला तरी डबा मेला!"

त्यांनी घरून दुसरी कोरी नळी आणून दिली. मग मी एक भरलेला डबा तपासला आणि एक रिकामा. काटा दोन्हींत एकाच जागी.

"हे बिघडलंय," मी म्हटलं.

"बिघडलेलं नाही. निकेलमध्ये पाण्याची ग्रॅव्हिटी बदलतच नाही."

"मग किती शिल्लक आहे ते कसं कळायचं?"

"नाही कळत," साहेब कौतुकाने म्हणाले.

वहिनी पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या. "वन्सं, हे तुमच्या अण्णांच्या जातीचं दिसतंय. तेही दमलो म्हणून सांगत नाहीत, एकदम आडवेच होतात."

"मी कधी आडवा झालो?" अण्णा.

"दसऱ्याला. गल्ल्यावर डोकं ठेवून."

वहिनी बोलल्या ते अगदी बरोबर निघालं. मी दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्यांना हेडलाइटचा एकेक बल्ब जोडून ठेवला. शिशावरचा बल्ब दुपारभर हळूहळू पिवळा होत गेला. निकेलवरचा शेवटपर्यंत लख्ख जळला आणि मग एकाएकी गेला. भंगारातले डबे सारखे नव्हते. त्यातला सगळ्यात अशक्त संपला की बाकीच्यांचा उपयोग नाही.

अण्णांनी त्या विझलेल्या बल्बवर टिचकी मारली. "वाटेत मेखरी सर्कलच्या चढावर असं झालं तर?" ते म्हणाले. "मला उतरून ढकलता येणार नाही. मला सांगणारी बॅटरी पाहिजे."

म्हणून शिसं ठरलं, जाड प्लेटांचं. आठवडाभरात आठही बॅटऱ्या मागच्या सीटच्या जागी आणि डिकीत बसवल्या आणि पुढच्या रविवारी आम्ही निघालो. अण्णा स्टिअरिंगवर, मी शेजारी मांडीवर व्होल्टमीटर घेऊन, इंजिनिअरसाहेब मागून स्कूटरवर. गाडीचा आवाज शिलाई मशीनइतकाच. मेखरी सर्कलचा चढ ती कुरकुरत का होईना, पण चढली. चिकपेटला पोचल्यावर अण्णांनी बंद दुकानासमोर उगाचच दोनदा हॉर्न वाजवला.

परतताना हेब्बाळच्या पुढे काटा उतरायला लागला. येलहंका येईपर्यंत सायकली आम्हाला मागे टाकत होत्या. एका रिक्षावाल्याने शेजारी येऊन विचारलं, "अज्जा, स्वल्प तळ्ळबेका?" थोडं ढकलू का म्हणून. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. फाटकातून आत मात्र त्यानेच आणि इंजिनिअरसाहेबांनी मिळून ढकललं.

"अजून चार बॅटऱ्या घालू," घाम पुसत साहेब म्हणाले.

"ओझं वाढेल," मी म्हटलं. "स्प्रिंगा आत्ताच बसल्यात. बॅटरी ओढायला आणखी बॅटरी, असं किती करायचं?"

"आणि मी कुठे बसू? टपावर?" वहिनी.

मी तिथेच फाटकाशी विचार करत राहिले. आम्ही सगळे जाऊन-येऊनचं अंतर धरून बसलो होतो. पण अण्णा दुकानात पोचले की दिवसभर गल्ल्यावर बसतात, आणि गाडी दिवसभर नुसती उभी राहते. तेवढ्या वेळात तिला वीज मिळाली तर बॅटरी मोठी करायची गरजच नाही. चिकपेटपर्यंत पुरेल तेवढी बस झाली, आणि तेवढी तर होती. भर रस्त्यात दुकानातून वायर टाकता येणार नाही, पण दुकानामागे एका कापडाच्या शेठचं गोदाम आहे. त्याला अंगण आहे. विजेचं मीटरही आहे.

मी हे सांगितलं तेव्हा साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. अण्णांचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी दारात जायचं."

"रोज नाही. एकदाच विचारायचं. युनिटचे पैसे आपण देऊ. हवं तर मी येते विचारायला."

"नको. माझी गाडी आहे, मीच विचारीन."

"कधी?"

"बघू."

मंगळवारी सकाळी गाडी अंगणात नव्हती. वहिनींना वाटलं ती इंजिनिअरसाहेबांनी नेली, आणि साहेब तर आमच्याकडेच पेपर वाचत बसले होते. तासाभराने दुकानातून फोन आला. मागे शेजारच्या दुकानांची शटरं वर सरकल्याचा खडखडाट मला स्पष्ट ऐकू आला, म्हणजे आमचं शटर अण्णांनी सगळ्यांच्या आधी उघडलं असणार.

"पोचलो," अण्णा म्हणाले. "एकटा. चढावर काटा थोडा हलला, बाकी सरी, सगळं ठीक."

वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला, शटरांचा खडखडाट स्वतः ऐकला आणि परत दिला.

"शेठना विचारलंत?" मी म्हटलं.

"अजून नाही."

"अण्णा, संध्याकाळी परत यायचंय."

"माहीत आहे मला. आधी बोहनी तर होऊ दे."