थोरलीने दोघांना पाजलं

तलावावर बायकांच्या बॅचला पोहायला शिकवणारी बाई स्वतः मात्र कॉश्च्यूमवर नवऱ्याचा ढगळ टी-शर्ट चढवून पाण्यात उतरायची. टी-शर्ट पाण्यात फुगायचा, हात मारताना आड यायचा. सैल कपडे घालून उतरायचं नाही, हा नियम नव्या पोरींना तीच दटावून सांगायची. एखादीने विचारलंच, तर म्हणायची, "मला सर्दी होते." अर्धं आयुष्य पाण्यात काढलेल्या बाईला सर्दी! पोरी गालातल्या गालात हसायच्या, आणि ती शिट्टी फुंकून त्यांना पलीकडच्या टोकाला पिटाळायची.

घरी ती थोरली, कारण थोरली सून. वरच्या मजल्यावर धाकटी. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्यामुळे दोन्ही मजल्यांवरचं राज्य त्या खालच्या खोलीतूनच हाका मारून चालवायच्या.

थोरलीला मुलगी झाली आणि तिच्या पाठोपाठ धाकटीला मुलगा. धाकटी एका बड्या हॉटेलात स्वागताच्या टेबलामागे उभी राहायची, अंगाबरोबर बसणाऱ्या कोटात, ताठ. बाळंतपणाचा थकवाही उतरला नव्हता तेव्हाच तिने जाहीर करून टाकलं, मला दूध येत नाही. येत होतं. पुढून भिजलेला गाऊन ती घाईघाईने बदलत असताना थोरलीने पाहिलं होतं. धाकटीनेही मग तिच्यापाशी आडपडदा ठेवला नाही. "ताई, मला तसं व्हायचं नाहीये," म्हणाली. तसं म्हणजे कसं, हे थोरलीने विचारलं नाही. बोलताना धाकटीची नजर तिच्या छातीकडे होती, ते तिला दिसलं होतं.

डब्याचं दूध पोराला पचेना. रडून रडून त्याने घर डोक्यावर घेतलं. "घरात एवढं आहे, मग डबे कशाला आणायचे?" सासूबाई म्हणाल्या, जसं काही ते नळाचं पाणीच होतं. थोरलीला कुणी विचारलं नाही. पोर तिच्या मांडीवर आणून ठेवलं आणि ते लबाड क्षणात चिकटलं. दोन लेकरांपायी तिला तलावावरची मोठ्या मुलींची बॅच सोडावी लागली. तीच बॅच पुढे स्पर्धेला गेली, दुसऱ्याच बाईच्या हाताखाली. धाकटी मात्र कोटाची बटणं लावून वेळेवर कामावर हजर.

खरं सांगायचं तर थोरलीला ते पाजणं आवडत होतं. दोन्हीकडे दोघं, एकमेकांच्या पायाला पाय लावून, डोळे मिटून. पण आवडतं म्हणून तिने कधी कबूल केलं नाही. उपकार आवडीने केला तर त्याला उपकार कोण म्हणणार?

मग दोघांचंही अंगावरचं पिणं सुटलं, आणि पुन्हा कामावर गेल्यावर तलावावरच्या कपडे बदलायच्या खोलीत, त्या उभ्या आरशात, तिने स्वतःला नीट पाहिलं. भाजी काढून घेतलेल्या पिशव्यांसारखं सगळं खाली आलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "असू दे की. कोण बघतंय?" हे म्हणणाऱ्याने स्वतः बघणं कधी सोडलं, ते त्याच्या ध्यानातही नव्हतं.

ती रडली नाही, चिडली. आणि तो राग नवऱ्याच्या नाही, धाकटीच्या वाट्याला गेला. धाकटी जिन्यावरून टकटक करत उतरली की थोरलीचा तिळपापड व्हायचा. माझ्या जिवावर ताठ चालते आहे, असं मनात यायचं. तोंडाने मात्र चकार शब्द नाही. वर्षानुवर्षं तिने हे आतल्या आत जपलं, आणि खोटं कशाला बोला, त्यात तिला एक सुखही होतं. आपण घरासाठी झिजलो आणि दुसरीने अंग राखलं, एवढं एकदा पक्कं असलं की बाई कुठलाही दिवस ढकलू शकते.

बॅचमधल्या एका बाईने उतरलेली छाती वर उचलून घ्यायचं, लिफ्टचं ऑपरेशन करून घेतलं होतं. तिच्याकडून थोरलीने डॉक्टरीणबाईंचा पत्ता मिळवला. खरं तर एकटीने जाता आलं असतं. पण ती वर गेली आणि धाकटीला म्हणाली, "मला एकटीला भीती वाटते. येतेस?"

भीती कसली, तिला साक्षीदार हवा होता. डॉक्टर विचारतील, किती मुलांना पाजलंत? मग आपण सांगायचं, दोन, त्यातलं एक माझं. आणि धाकटीकडे बघायचं. पोरींच्या फेऱ्या मोजता मोजता हे वाक्य तिने घोटून पाठ केलं होतं. ऑपरेशन तिला हवंच होतं. पण ते धाकटीपायी करावं लागलं, हे तिला त्याहून जास्त हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्याआड तपासलं, टेप लावली. धाकटी पडद्याबाहेर खुर्चीत. बाई सरळ बोलणाऱ्या होत्या. काप कुठून कुठे जाईल ते त्यांनी बोटाने दाखवलं. व्रण फिकट होतील, जाणार नाहीत. स्पर्श थोडा बधिर होऊ शकतो. काही आठवडे जड उचलायचं नाही. आणि वय कुणासाठी थांबत नाही, वर्षांनी थोडं पुन्हा उतरेल.

विचारायचं ते मात्र त्यांनी विचारलंच नाही. शेवटी थोरलीच मोठ्याने म्हणाली, "हे पाजल्यामुळेच झालं ना?"

"नाही हो. सगळ्यांना तसंच वाटतं. गरोदरपणातच सगळं वाढतं, कातडी ताणते, आणि नंतर आतलं भरण कमी होतं. त्यात वय आलं, वजन आलं, मुळातली ठेवण आली. पाजण्याचा त्यात वेगळा हात दिसत नाही."

"पण मी दोघांना पाजलंय. एक माझं, एक जावेचं."

"फार चांगलं केलंत. पण एकालाही पाजलं नसतंत, तरी बहुतेक हेच झालं असतं."

पडद्यापलीकडे खुर्ची सरकली. "म्हणजे न पाजताही होतं?" धाकटीने विचारलं.

"होतं की."

"माझंही झालंय," धाकटी म्हणाली. एवढ्या हळू, की डॉक्टरांना दोनदा विचारावं लागलं.

आत थोरली शर्टाची बटणं खालीवर लावत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. एवढं अंग चोरूनही धाकटीच्या हाती काही लागलं नव्हतं. पण तिला लुटल्यासारखं वाटत होतं. इतकी वर्षं उराशी धरलेली तक्रार एका बाईने दोन वाक्यांत काढून घेतली होती, आणि त्याजागी द्यायला कुणाकडे काही नव्हतं.

बसथांब्याच्या बाकावर दोघी बसल्या. धाकटी म्हणाली, "कोटाच्या आत पॅड लावते मी. पहिल्यापासून. तुम्हाला तर मेले तरी सांगितलं नसतं."

थोरली शर्टाचं चुकलेलं बटण सोडवून नीट लावू लागली.

"कामावरून आले ना, की तो झोपलेला असायचा. तुमच्या दुधाचा वास यायचा त्याच्या तोंडाला. मी त्याला उठवायची मुद्दाम, माझ्याकडे बघावं म्हणून. तो उठायचा आणि तुमच्यासाठी रडायचा." ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "मग मी कशासाठी दिला हो तो तुम्हाला?"

थोरली उठून उभी राहिली. ती म्हणाली, "बस आली."

घरी पोचल्या तर पोरगा फाटकाशीच उभा, गुडघा फुटलेला, डोळे भरलेले. धाकटी पुढे होती. तिने पर्स तिथेच टाकली, खाली बसली, दोन्ही हात पुढे केले. तो तिला वळसा घालून थोरलीकडे धावला आणि तिच्या छातीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागला.

आधी आईकडे जा, एवढंच म्हणायचं होतं. थोरलीला ते कळत होतं. धाकटीचे हात अजून तसेच होते, आणि आता त्या दोघींत कुणाचं कुणाला देणं नव्हतं.

थोरलीने पोराला उचलून कडेवर घेतलं आणि दार पायाने लोटून ती आत गेली.