शेवाळाचं गाऱ्हाणं

आचऱ्याजवळच्या एका काजू कारखान्यात मी दोन वर्षं धुरावर शेवाळ वाढवलं. मी विज्ञानाचा निवृत्त मास्तर, कारखानदार माझा जुना विद्यार्थी. टरफलं जाळणाऱ्या बॉयलरचा धूर थंड करून टाक्यांतल्या पाण्यात सोडायचा. त्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन पाण्यातलं बारीक हिरवं शेवाळ वाढतं. पण धूर आंबट. पहिल्या तीन टाक्या आठवड्याभरात मेल्या. मग मी धुराच्या वाटेत पाण्यात बुडवलेल्या, खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचं पिंप बसवलं. आंबटपणा शिंपल्यांनी घेतला, शेवाळ जगलं. पिंप भरेपर्यंत आमच्या घरी दुसरं कालवण झालं नाही.

उद्घाटनाच्या पाटीवर ‘संशोधन’ या शब्दापुढे कारखानदाराच्या मुंबईच्या मेहुण्याचं नाव होतं. त्याने टाक्या आदल्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. माझी नोंदींची वही हातात धरून त्याने भाषणात सांगितलं, की शेवाळ सगळा धूर गिळतं. ते थोडाच गिळतं. वहीत तसंच लिहिलं होतं.

मला बोलावलं होतं ते वयाचा मान म्हणून, सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायला. नारळ ठेवून मी सुरू केलं.

‘बा देवा म्हाराजा, ह्या कामाक यश दी रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळे म्हणाले. गाऱ्हाण्यातले शब्द कोणी ऐकत नाही, हे मला ठाऊक होतं.

‘शिंपले ज्या घरातसून इले, तेचा नाव पाटयेर नाय, ता तुका दिसता रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

‘जेणा ह्या पाण्यात बोट बुडवल्यान नाय, तो दुसऱ्याची वही वाचून शाणो झालो रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’ सर्वांत मोठा आवाज मेहुण्याचा. त्याला मालवणी येत नाही. काजू सोलणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

नंतर कारखानदाराने मला बाजूला घेतलं. ‘मास्तरांनू, देवासमोर असा बोलतत?’

‘देव गप ऱ्हवलो. व्हय तू म्हटलंस.’

तो म्हणाला, पाटीवर तुमचंही नाव घालतो, खाली जागा आहे. मी नको म्हटलं. खालच्या जागेसाठी मी दोन वर्षं धूर खाल्ला नव्हता.

आता मेहुणा फाटकातून आत आला, की बायका हात जोडून एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्याला तो इकडचा नमस्कार वाटतो. तोही हात जोडून तेच म्हणतो. त्याला गाऱ्हाण्याचा अर्थ सांगू नका, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.